प्रेस नंबर तीनची ओळ

आमच्या ऑफिसात एकही काम बाकी नाही, असं गुरुवारी दुपारी कॉम्प्युटरने जाहीर केलं आणि प्रज्वलने सगळ्यांसाठी वडापाव मागवले.

मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू? पण मनातली शंका काही केल्या जाईना. चिंचवडच्या एमआयडीसीत आमचं नऊ जणांचं ऑफिस. खाली पावडर कोटिंगचा कारखाना, वर आम्ही. चाकणच्या कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितो. मी इथे सहा वर्षं आहे, आणि या सहा वर्षांत आमचं सगळं काम पूर्ण झालंय असा एक दिवस मला आठवत नाही. आणि हे कालचं प्लग-इन म्हणतंय, बाकी शून्य.

ते काही आमच्या हौसेने आलं नव्हतं. चाकणच्या आमच्या सगळ्यात मोठ्या कारखान्याने अट घातली होती: पुढच्या दोन वर्षांचं काम हवं असेल तर तुमच्या प्रोग्राममध्ये काय काय अर्धवट पडलंय ते आधी दाखवा. त्यासाठी त्यांनीच हे प्लग-इन नेमून दिलं. आपण ज्या एडिटरमध्ये कोड लिहितो त्यातच ते बसतं. 'हे करायचं राहिलंय' अशा ज्या नोंदी आपण कोडच्या कडेला लिहून ठेवतो, त्या ते वेचतं, एकेका नोंदीचं एकेक काम बनवतं, कोणी आणि कधी लिहिली ते पुढे टाकतं आणि दर शुक्रवारी पाच वाजता ती यादी थेट कारखान्याला मेल करतं.

बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण नको ती कामं माझ्याकडेच येतात. प्रज्वल आमचा टीम लीड, त्याने फक्त लिंक पाठवली आणि खाली दोन हात जोडले. आधी आमचा एडिटर जुना निघाला. तो नवा केला तर अँटीव्हायरसला हे प्लग-इन चोर वाटलं. त्याचा पासवर्ड मालकांकडे, म्हणजे उद्धवरावांकडे, आणि उद्धवराव आळंदीला भाचीच्या लग्नात. मागे बँड वाजत असताना ते फोनवर ओरडून एकेक अक्षर सांगत होते. चौथ्या खेपेला उघडलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात ते गोल गोल फिरत बसलं आणि अर्ध्या तासाने म्हणालं, शून्य.

"बघ, आपण किती स्वच्छ काम करतो," प्रज्वल म्हणाला.

"आपण? शेवटी कधी केलं होतंस स्वच्छ काम?"

"नाट लावू नकोस गं. शून्य आलंय ना? झालं तर."

शुक्रवारी सकाळी सगळे यायच्या आधी मी येऊन बसले. प्लग-इन बिघडलंय, असंच धरून चालले होते. परीक्षा घ्यावी म्हणून कोडमध्ये एक खोटी नोंद टाकली, पुस्तकात देतात तशी, इंग्रजीत. सेव्ह केलं. शून्याचा लगेच एक झाला. नोंद पुसली, परत शून्य. म्हणजे यंत्र शहाणं होतं. मग सेटिंग उघडलं. कोणते शब्द दिसले की नोंद धरायची, त्यांची यादी होती आणि त्यात चार-पाच इंग्रजी शब्द होते.

ते पाहून मी एकटीच हसले. अहो, आमच्या ऑफिसात कोड इंग्रजीत असतो, पण मनातलं कोण इंग्रजीत लिहितं? आम्ही लिहितो 'नंतर बघू'. लिहितो 'सध्या चालवून घे'. 'तात्पुरतं' तर पानोपानी. अक्षरं इंग्रजी, बोलणं मराठी, पहिल्या दिवसापासूनची सवय. त्या बिचाऱ्या प्लग-इनला कुठलं कळायला! 'नंतर', 'सध्या' आणि 'तात्पुरतं' हे तीन शब्द मी यादीत घातले आणि पुन्हा शोधायला लावलं.

दोनशे अकरा.

आता कशी ओळख पटली, असं वाटलं मला. मजाही वाटली. एकेक नोंद वाचत खाली जाऊ लागले. 'हे का चालतं ते नंतर बघू.' 'सध्या राहू दे, प्रज्वल ओरडेल.' तोंडाला पदर लावून हसावं असली एकेक. आणि मग शहाऐंशी नंबरला हसू थांबलं.

'प्रेस ३. सध्या कर्टन बंद. ट्रायल झाल्यावर काढणे. मिनल.'

तारीख तीन वर्षांपूर्वीची. मिनल म्हणजे मी.

प्रेस म्हणजे पत्र्याला एका ठोक्यात आकार देणारं यंत्र. त्याच्या तोंडाशी दोन खांब असतात आणि त्या खांबांमध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्याला सगळे कर्टन म्हणतात. पडद्यात हात आला की प्रेस जागच्या जागी थांबायला हवी. त्या ट्रायलच्या दिवशी शेजारच्या यंत्राचं तेल उडून खांबांवरच्या काचेवर बसत होतं, हात नसतानाही प्रेस थांबत होती आणि लाइनचे सुपरवायझर सोपानराव दर पाच मिनिटांनी मला घड्याळ दाखवत होते. मी एक ओळ लिहिली. कर्टनने थांब म्हटलं तरी थांबू नकोस. ट्रायल पास झाली, पेढे वाटले, परतीच्या गाडीत मला झोप लागली आणि ओळ तिथेच राहिली. काच पुढे कोणीतरी पुसली असणार. कर्टनवरचा हिरवा दिवा रोज लागत होता आणि त्याच्याकडे बघून चेकशीटवर रोज बरोबरची खूण होत होती.

प्रज्वल आला तेव्हा मी त्याला ती नोंद दाखवली. तो उभ्याउभ्याच वाचत राहिला.

"आत्तासुद्धा बंद आहे?"

"आत्तासुद्धा."

"पण दोन बटणं आहेत ना. ऑपरेटरचे दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका पडतच नाही. म्हणून तर इतके दिवस काही झालं नाही."

"ऑपरेटरचे हात बटणांवर. समोरून जी तुकडा उचलते तिचे कुठे?"

वाईट माणूस नाही प्रज्वल. पण त्याला भांडण नको असतं, कधीच. "असं कर," तो हळूच म्हणाला, "आज फक्त कडेची नोंद पूस. पाचची यादी जाऊ दे. कोड आपण पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप बदलू."

"पुढचं अपडेट दिवाळीनंतर आहे."

"मग तू घातलेले ते तीन शब्दच काढून टाक. परत शून्य. हात दाखवून अवलक्षण कशाला, मिनल? नोंदीखाली नाव कोणाचंय ते तरी बघ."

"बघितलंय. माझंच आहे."

मी दापोडीची. रेल्वेलाइनच्या कडेची आमची गल्ली, आणि गल्लीत निम्म्या घरांतले बाप प्रेस शॉपला. जयंतीला सगळे बुद्धविहारापाशी जमायचे, एकमेकांना जय भीम घालायचे, आणि हात जोडले की कोणाकडे किती बोटं उरलीत ते आपसूक दिसायचं. लहानपणी मला वाटायचं, मोठं झालं की पुरुषांची बोटं अशीच कमी होत असतील. त्या गल्लीतली मी, इंजिनिअर झाले, आणि मीच ही ओळ लिहिली. मला त्या क्षणी प्रज्वलचा राग आलाच नव्हता. माझा स्वतःचाच इतका राग आला होता की कानशिलं तापली होती.

सोपानरावांना फोन लावला. उचलला नाही. उचलणार कसा? तिथे मोबाइल गेटवरच काढून घेतात. मेल टाकला. उद्धवराव दुपारी एकला आले, तशी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले.

उद्धवरावांनी पंचवीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला काढलेली. प्रेस म्हणजे काय ते मी त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरची लग्नपत्रिका सरळ केली.

"रविवारी त्यांचा प्लांट बंद असतो," ते म्हणाले. "तू रविवारी जा, मेंटेनन्सच्या नावाने ओळ काढून ये. आजच्या यादीत ती दिसायची गरज नाही."

"आज शुक्रवार आहे, सर. आज आणि उद्या प्रेस चालणार."

"तीन वर्षं चाललीच ना? दोन दिवसांनी काय होतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मिनल."

"सर, मुठीला बोटं लागतात."

त्यांचा आवाज चढला. "नऊ घरं चालतात या ऑफिसवर. तुझ्या चुकीपायी काम हातचं गेलं, तर सोमवारी इथे पाऊल टाकू नकोस."

"नाही टाकणार," मी म्हणाले. लॅपटॉप आणि केबल पिशवीत टाकली. जाताना प्रज्वलच्या टेबलाशी थांबले. "सेटिंग तुलाही उघडता येतं. शब्द काढायचे तर तुझ्या हाताने काढ, माझ्या हाताने निघणार नाहीत."

स्कूटी भोसरीपर्यंत बरी चालली. मोशीच्या पुढे कंटेनरांची रांग लागलेली, चाकणच्या चौकात तर पायच टेकवून बसावं लागलं. ऊन मी म्हणत होतं. दर मिनिटाला प्रेस तीन किती ठोके मारते ते मला पाठ होतं, मीच मोजणी लिहिली होती. अठरा. चौकात मी बावीस मिनिटं अडकले होते.

गेटवर फोन दिला, पास केला, सेफ्टी शूज चढवले. आत पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. प्रेस तीनवर प्रभावतीताई होत्या. म्हाळुंग्याच्या, ट्रायलच्या दिवशीही त्याच होत्या आणि पाहुण्यांचा चहा आला नाही म्हणून आपल्यातला अर्धा मला दिला होता. त्या बटणं दाबत होत्या आणि समोर अंबुबाई, पन्नाशीच्या, ठोका पडला की आत हात घालून तुकडा उचलत होत्या. ठोका, हात, ठोका, हात.

"सोपानराव, प्रेस थांबवा. कर्टन बंद आहे, तीन वर्षं बंद आहे. चूक माझी."

"अहो मॅडम, दिवा चालूय की! साडेपाचला शिफ्ट सुटंल, मग बघा काय ते. आज डिस्पॅच हाय."

"आत्ता थांबवा."

"मॅडम, असं मधीच—"

मी दोन पावलं पुढे गेले आणि यंत्रावरचं लाल बटण दाबलं. बाहेरच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही, अशी पाटी बरोबर त्याच्या वर होती. प्रेस सुस्कारा टाकून थांबली. सगळ्या रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. सोपानराव माझ्यावर ओरडले, गेटपास काढून घेईन म्हणाले. मी म्हटलं, घ्या, पण आधी एक काठी द्या.

पॅकिंगच्या पेटीची पट्टी मिळाली. अंबुबाईंना मी लांब उभं केलं, प्रेस पुन्हा चालू करायला लावली आणि पट्टी कर्टनमधून आत धरली. "दाबा, ताई."

प्रभावतीताईंनी दोन्ही बटणं दाबली. हिरवा दिवा लाल झाला, पण प्रेस थांबली नाही. पट्टीचा पुढचा हात-दीड हात भाग चुरा होऊन साच्यात पडला.

सोपानराव चेकशीट हातात धरून नुसते उभे राहिले. अंबुबाई खाली बसल्या.

प्रभावतीताईंनी बटणांवरचे हात उचलले आणि त्यांच्याकडे बघितलं. "तीन वर्सं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हंजी हिचे हात गेले असते ते माझ्या हातानं गेले असते."

"हो, ताई."

"आनि तुमाला ठावं व्हतं?"

"त्या दिवशी ठाऊक होतं. मग विसरले."

"विसरल्या," त्या म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मॅनेजर आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, नावासकट. परवानगी, सह्या, यात सव्वा तास गेला. मग प्रेसच्या पॅनेलला केबल लावली. मी ओळ काढत असतानाच पाच वाजले आणि लॅपटॉपवर यादीच्या मेलची आमची प्रत येऊन पडली. कामं बाकी, दोनशे अकरा. शहाऐंशी नंबरला माझं नाव तसंच होतं. प्रज्वलला चार तास मिळाले होते, त्याने शब्दांना हात लावला नव्हता.

नवा प्रोग्राम चढवला. दुसरी पट्टी घेतली आणि कर्टनमध्ये धरली. प्रभावतीताईंनी बटणं दाबली. प्रेस हलली नाही. सोपानरावांनी मोठा श्वास सोडला. "झालं, चालू करा मग," ते म्हणाले.

"न्हाई," प्रभावतीताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "लाकडानं मला काय कळत न्हाई. अंबुबाई जिथं हात घालती तिथं तुमी तुमचा घाला."

"अहो, येड्यागत काय बोलताय!" सोपानराव मध्ये आले. "असं चालत नसतं!"

मी पट्टी खाली ठेवली. घड्याळ काढून खिशात टाकलं. बाही कोपरापर्यंत सारली आणि उजवा हात कर्टनमधून आत घातला, साच्याच्या वर, जिथे मघाशी लाकडाचा चुरा पडला होता तिथे. लोखंड गार होतं.

"दाबा," मी म्हणाले.

त्यांनी दाबली. दिवा लाल झाला. प्रेस वरच राहिली.

त्यांनी बटणं सोडली, पुन्हा दाबली, आणि पुन्हा. मी हात काढला नाही.