आठ पाकळ्यांची जाळी

आजोबांनी दोन नातवांसाठी मिळून एकच जाळी मागे ठेवली, ती चूक नव्हे, खोडी होती, असं फख्रीचं पक्कं मत. आठ पाकळ्यांची पितळी जाळी. नाब्लुसमध्ये तशी दुसरी नव्हती. ती नक्षीदार फरशीच्या साच्यात बसवायची, एकेका कप्प्यात एकेक रंग ओतायचा आणि मग सरळ वर उचलायची. हात जरा हलला की पाकळ्या एकमेकींत मिसळल्याच.

एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे, असं ठरलं होतं. फख्रीचं वर्ष रमजानलाच संपलं. तेव्हापासून तो चुलतभावाला, नायिफला, 'उद्या' सांगत होता. मंगळवारी सकाळी नायिफ पहार घेऊन कारखान्यात शिरला. सोबत आलेला त्याचा मेहुणा दारातच थांबला. त्याचे बूट नवे होते.

फख्री शेवटच्या पाकळीत निळा ओतत होता.

"जाळी दे."

"भरलीय. डोळे कुठे ठेवून आलास?"

नायिफनं पहार उगारली आणि तशीच धरून उभा राहिला. रंग भरलेल्या जाळीवर हात असलेल्या माणसाला धक्का लावायचा नाही, हे आजोबांनी दोघांनाही छडीनं शिकवलं होतं.

"उचल आधी. नीट. तुझा डावा कोपरा नेहमी अडकतो."

"अडकायचा तुझा. मार मी खायचो."

फख्रीनं जमेल तेवढा वेळ काढला. उगारलेला हात भरून येईल, असा त्याचा हिशेब. जाळी वर आली. थेंबही इकडचा तिकडे झाला नाही.

"छान," नायिफ म्हणाला आणि पहार हाणली.

गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत गेला. फख्रीचा डावा हात लोंबला. जाळी दाबयंत्राच्या पाटावर जाऊन पडली. त्यानं उजव्या हातानं एक रिकामी लोखंडी चौकट उचलून नायिफच्या तोंडावर मारली. दोन दात पडले. नायिफ रक्त थुंकत जाळीवर झेपावला. त्याचा पंजा तिच्यावर पडला तोच फख्रीनं यंत्राचा दांडा सगळा जीव लावून फिरवला.

जड लोखंड खाली आलं. नायिफ गुडघ्यांवर बसला.

दांडा उलटा फिरवायला मेहुण्याला आत यावं लागलं. लोखंड वर गेलं तेव्हा नायिफची चार बोटं चपटी झाली होती आणि त्यांच्याखाली पाकळ्याही. फख्रीनं रागात फक्त हात हिशेबात धरला होता, जाळी नाही.

नायिफ डाव्या हातानं एक पाकळी उभी करू लागला.

"तापवल्याशिवाय वाकवू नकोस. तुटेल."

"आता तू मला शिकवणार," नायिफ म्हणाला, आणि पाकळी तुटली.

मेहुण्यानं गाडी आणली. दोघांपैकी कुणी जाळी सोडेना, म्हणून त्यानं त्यांना तसंच मागे कोंबलं, मधे जाळी. दवाखान्याच्या चढावर नायिफनं फख्रीच्या मोडक्या हाडावर डोकं आपटलं. फख्रीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण पकड सैल झाली नाही.