दोन घमेली भात

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. मी गोदी नावाच्या म्हाताऱ्या गाईचे पोट आहे; तिच्या पोटाच्या चार कप्प्यांतला सर्वांत मोठा कप्पा. पुणतांब्याला शांतवनबाबांच्या गोठ्यात मी तेरा वर्षे काम करत आहे.

खरे सांगायचे तर मी स्वतः कडबा पचवत नाही. माझ्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. एक कडब्याचे कठीण धागे तोडतो. त्यातून सुटलेली साखर दुसरा खातो आणि आम्ल टाकतो. ते आम्ल तिसऱ्याचे जेवण होते. शेवटी उरेल ते माझ्या भिंतीतून रक्तात जाते आणि त्याचे दूध होते. या जाळ्यात कोणी राजा नाही. एकाने टाकलेले दुसऱ्याला वेळेत खाता आले पाहिजे, एवढाच कायदा.

दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. जेवणे आटोपली आणि भात उरला. बाबांनी दोन घमेली भरून गोदीपुढे ठेवली.

"बाबा, एवढा भात गाईला?" सून सिल्व्हियाने विचारले.

"देवाचं अन्न हाय, उकिरड्यावर टाकू व्हय? खाऊ दे माझ्या लेकीला."

भात आत पडला आणि पिष्ट खाणाऱ्या जिवाणूंची टोळी माजली. एकाचे दोन, दोनाचे चार होत त्यांनी जहाल आम्ल ओकायला सुरुवात केली. ते आम्ल खाणारे जीव थोडे आणि संथ होते. त्यांना ते आवरेना. आधी केसाळ आदिजीव फुटून मेले. मग कडबा तोडणाऱ्यांची कत्तल झाली. शेवटी ती माजलेली टोळीही स्वतःच्याच आम्लात मेली, आणि तिच्या प्रेतांवर आंबटातच वाढणारे दुसरे जीव चढून बसले. माझ्या भिंतीची साल निघाली. रक्तातले पाणी माझ्यात ओढले गेले. गोदीचे डोळे खोल गेले, ती कण्हत दात खाऊ लागली आणि सकाळी कोसळली.

पशुवैद्य राजेश्वरी मॅडमनी नळी घालून मला धुऊन काढले, सोड्याचे पाणी सोडले. मग त्या म्हणाल्या, "बाबा, आम्ल गेलं, पण आत कोणी उरलं नाही. ही चारा पचवणार कशी? निरोगी गाईच्या पोटातलं पाणी हवं. आत्ता."

तशी गाय शेजारच्या झुंबरबाईंकडेच होती. बाबा त्यांच्या दारात गेले.

"परवाच माझ्या गाईला हाडाडी, नुसता हाडांचा सापळा म्हनला हुता ना, शांतवनभाऊ? आता तिच्या पोटातलं पानी पायजे व्हय?"

"म्हनलो हुतो. चुकलो. माझी गोदी मरतीय, झुंबरबाई."

"मग बोलत काय बसलाय? बादली आना!"

मॅडमनी त्या गाईच्या पोटातून नळीने काढलेले चार लिटर कोमट, हिरवे, वास मारणारे पाणी माझ्यात उतरले. परके जीव आले आणि पडलेल्या जागा धरू लागले. तिसऱ्या दिवशी गोदी उठली. पाचव्या दिवशी तिने रवंथ केला. बाबा खांबाला टेकून रडले.

मित्रांनो, माझ्या भिंतीचा एक भाग व्रणाने टणक झाला आहे. तो बरा होणार नाही. गोदीचे दूध निम्म्यावर आले. मुक्या जिवाचा चारा बदलायचा असेल तर मूठमूठ, कैक दिवस घेऊन बदला. मला काठीने कोणी मारले नाही. मला मायेने मारले, म्हणून तुम्हांला सांगते.