सुवाच्य अक्षरात रद्द

विद्यापीठाच्या पदवीपत्रांवर नावं लिहायचं काम गेली एकतीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. बाकी मजकूर छापील, नाव तेवढं हाताने. म्हणून कचेरीत सगळे त्यांना नावकाका म्हणत. अक्षर मोत्यासारखं आणि तोराही तेवढाच. खुद्द कुलगुरूंची सही पाहून ते म्हणायचे, "कुत्र्याचे पाय मांजराला!"

तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या लेकीचं नाव लिहिलं. त्या दिवशी मुद्दाम नवी निब लावली. पण तो कागद लेकीच्या हाती पडलाच नाही. ती दुसऱ्या वर्षाला असताना सरकारने उच्च शिक्षणात सुधारणा केली, म्हणजे शिष्यवृत्तीचं नाव बदलून कर्ज असं ठेवलं. मंत्र्यांनी त्याला सक्षमीकरण म्हणत टाळ्या घेतल्या आणि पोरांच्या तोंडाला पानं पुसली. कर्ज फिटेपर्यंत पदवीपत्र कचेरीच्या कपाटात. लेक शिकवण्या घेऊन हप्ते भरत होती, पण सगळं व्याजातच जायचं.

आता कुठे एका शाळेने तिला निवडलं होतं. सोमवारी मूळ पदवीपत्र दाखवायचं आणि रुजू व्हायचं.

"बाबा, एका दिवसापुरतं मागून बघा ना," सकाळी ती म्हणाली. आजवर तिने बापाकडे कधी काही मागितलं नव्हतं. काका वाटभर शब्द जुळवत कचेरीत पोचले.

टेबलावर पदवीपत्रांचा गठ्ठा होता, शेजारी लाल शाईची दौत. अधीक्षक मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्याच. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "काका, नवा आदेश आलाय. तीन वर्षांत ज्यांचं कर्ज फिटलं नाही, त्यांची पदवी रद्द. संगणकात कालच झालं. आता कागदांवर आडवं 'रद्द' लिहायचंय, सुवाच्य अक्षरात."

"मग त्यांचं कर्जही रद्द झालं असेल."

"नाही हो काका. कर्ज तसंच राहतं."

"वा! म्हणजे पुढ्यातलं ताट ओढून घ्यायचं आणि जेवणाचे पैसे मागायचे."

"मी दोनदा वर लिहिलं. दोन्ही वेळा आदेशाचीच प्रत परत आली."

सोमवारची गोष्ट काकांच्या ओठावर होती, ती त्यांनी गिळली. आता मागायचं तरी काय? ते बसले आणि लिहू लागले. प्रत्येक नाव त्यांच्याच हातचं. एकेका नावाची वेलांटी किती जपून काढली होती, तेही आठवत होतं. स्वतःच्याच हाताची त्यांना शिसारी आली.

दुपारी लेकीचा कागद वर आला. हात थांबला. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या उठून जवळ आल्या.

"द्या काका, हे एवढं मी लिहिते. तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

काकांनी कागद स्वतःकडे ओढला.

"नको मॅडम. तुमचं अक्षर बरं नाही."

त्यांनी निब फडक्याने पुसली, दौतीत बुडवली आणि लेकीच्या नावावरून सावकाश लिहिलं. 'र' छान आला. जोडाक्षरही नीट जमलं. मग ते हमसून हमसून रडले, पण मान बाजूला वळवून, कारण शाई अजून ओली होती.