जोडाच्या वरची फांदी

मागच्या अंगणातला गुलाब असा काही माजला होता, की दोरीवर वाळत घातलेलं बाळाचं झबलं रोज त्याच्या काट्यांतून सोडवावं लागे. फांद्या कुंपणाच्या वर गेलेल्या, पानं तकतकीत. नव्हतं ते फक्त फूल.

"अगं, दृष्ट लागेल हो," शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणायच्या. "घालतेस तरी काय एवढं?"

"चहाचा चोथा!" ठमी अभिमानाने सांगायची.

ठमी हे वडिलांनी ठेवलेलं लाडाचं नाव. वडील शिंपी. गुलाब खरा आईचा. आई गेली, राहतं घर सोडायचं ठरलं आणि तिचं जुनं झाड काही केल्या मुळासकट निघेना. तेव्हा वडिलांनी त्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेत झोपलेला बारीकसा कोंब, सालीसकट उचलला, कुंडीतल्या रानगुलाबाच्या खुंटात भरला आणि ते कलम लेकीला दिलं. पुढे वयाने त्यांचे हात थरथरायला लागले. जुन्या घराच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. आईच्या गुलाबाचं म्हणून जगात काही उरलं असेल, तर ते हे एवढंच.

दर फोनला वडिलांचा एकच प्रश्न असे. "फूल?"

"येईल हो बाबा. वाढ बघाल तर थक्क व्हाल."

आणि आता ते खरंच बघायला येणार होते. उद्या.

बाळाचा डोळा लागल्यावर ठमी अंगणात आली. फूल का येत नाही ते विचारावं म्हणून तिने झाडं ओळखणारं ॲप उघडलं आणि फोन पानावर धरला. फोन म्हणाला, रानगुलाब.

"तुझं डोकं फिरलंय," ती फोनला म्हणाली. दुसऱ्या फांदीवर धरला. तिसऱ्या. फोन आपल्या बोलण्यावर ठाम.

तिने फोन बाजूला ठेवला. ती उकिडवी बसली आणि बुंध्याशी चढलेला चोथ्याचा ढीग हातांनी उकरू लागली. खाली एक गाठ लागली, खोडावरची. तिला अजून वडिलांनी गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा चिकटलेला. हाच तो कलमाचा जोड. तिने लाडाने वाढवलेली प्रत्येक जाडजूड फांदी त्या जोडाच्या खालून निघाली होती. ते सगळं रानगुलाबाचं होतं. जोडाच्या वर होती एक वाळकी काडी आणि तिच्या कुशीला बोटाएवढी हिरवी फांदी. तशा आणखीही होत्या. मरतुकड्या दिसतात, उगाच जोर खातात, म्हणून तिनेच त्या कात्रीने उडवल्या होत्या.

बाळाच्या मागे पळताना झाडाकडे बघायची ती वरवरच. हिरवं दिसलं की जीव भांड्यात.

रात्री जेवताना नवऱ्याने तोडगा काढला. "नर्सरीतून त्याच रंगाचा फुललेला आणू या. बाबांना काय कळतंय?"

"शिंपी आहेत ते. आयुष्यभर अस्तराला कापडाची छटा जुळवलीये त्यांनी."

"मग राहिलं," तो म्हणाला आणि त्याने ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी वडील आले, नातीला खांद्यावर घेऊन थेट अंगणात. ठमीने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"बाबा, मी आईचा गुलाब मारला."

त्यांनी बाळ तिच्याकडे दिलं, चष्मा लावला आणि गुडघ्यांवर बसले.  मग बुंध्याची माती चिमटीत घेऊन हुंगली.

"रोज पाजतेस की पाहुणे आले की?"

"बाबा, थट्टा नको ना."

"मारलेला नाहीस. जोड पुरलास, म्हणून खुंट मातला." त्यांनी ती बोटाएवढी फांदी निरखली. "हिच्यावर एक डोळा आहे भरलेला. एकच. तो उचलायचा आणि या दांडग्या फांदीत भरायचा. साल बघ कशी सुटतेय, रस चढलाय. तुझा चहा अगदीच वाया नाही गेला."

"मग भरा ना!"

वडिलांनी आपला उजवा हात तिच्यापुढे धरला. वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता.

"मला नाही येणार, बाबा. एकच तर आहे. फुकट गेला तर?"

"हिची नखं कोण कापतं?" वडिलांनी बाळाकडे बघत विचारलं.

"मीच."

"जागेपणी?"

"छे! झोपेत. एरवी हात कुठे धरू देते?"

"कधी लागलं?"

"नाही अजून."

"मग ते याच्याहून अवघड आहे. ब्लेड आण."

नवऱ्याने बाळ घेतलं. वडील सांगत गेले, ती करत गेली. दांडग्या फांदीच्या सालीला एक आडवी चीर, तिच्यातून खाली एक उभी. "आत लाकडाला नको लागू देऊस. शिवण उसवताना कापडाला जपतो तसं." मग त्या बोटाएवढ्या फांदीवरच्या डोळ्याखालून ब्लेड सरकवून डोळ्यासकट सालीची चिंचोळी खपली, पान छाटून देठ तेवढा ठेवलेला. श्वास आपोआप अडला, बाळाच्या करंगळीपाशी अडतो तसाच. खपली चिरेत बसली. पट्टी गुंडाळताना वडिलांनी एक टोक धरलं, तर ते टोकही थरथरायला लागलं. ठमीने काही न बोलता त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दुसऱ्या हाताने गाठ मारली. पट्टीतून डोळा तेवढा उघडा राहिला.

"आता थांबायचं," वडील म्हणाले. "देठ वाळून चिकटून बसला, तर समज डोळा मेला. बोट लावताच देठ गळला, तर डोळा धरला."

वडील परत गेले. ठमी रोज बघायची, बोट लावायचं धाडस करायची नाही. शेवटी एका दुपारी फोनवर वडीलच म्हणाले, "लाव की बोट. किती वाट बघायची?"

बाळ कडेवर, फोन खांद्या-कानाच्या मध्ये दाबलेला. तिने देठाला बोट टेकवलं. तो इतका अलगद पडला, की पडल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. डोळा मात्र होता तिथे हिरवागार होता.

"पडला, बाबा!"

 

"बरं," वडील म्हणाले, "चहा मात्र आता तूच पीत जा."