कोब्यावर टाइल्स

सिताबिलेनं दुसऱ्या ओळीतली प्लास्टिकची टाइल तळहातानं दाबून बसवली आणि गुडघ्यांवरच ती पुढे सरकली, तेवढ्यात पाठीमागे बारीकसा आवाज झाला. पहिल्या ओळीतल्या टाइलचा कोपरा वर आला होता. तिनं तो अंगठ्यानं दाबला. अंगठा काढला, तशी टाइल पुन्हा वर आली आणि शेजारचीही तिच्या मागोमाग सुटली.

"झालं का गं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

"होतंय, आई."

होत काही नव्हतं. कागद सोलायचा आणि टाइल चिकटवायची, इतकं सोपं काम म्हणून तर तिनं ती खोकी घरात आणली होती.

बुलावायो शहरातल्या त्या गल्लीत सासूबाईंचा, म्हणजे मासिबांदांचा, लाल कोबा प्रसिद्ध होता. लग्न होऊन आल्यापासून एक्केचाळीस वर्षं त्या रोज सकाळी गुडघे टेकून त्याला लाल मेण चोळत आणि ब्रशनं घासत आल्या होत्या. त्यावर कुणी चपला घालून आलं, तर त्याची खैर नसे. आता गुडघे कुरकुरायला लागले होते आणि खाली बसायचं नाही म्हणून दवाखान्यातल्या नर्सनं दम भरला होता. रिवाजाप्रमाणे हे काम नव्या सुनेकडे आलं. सुनेनं ब्रश हातात घ्यायच्या ऐवजी टाइल्स आणल्या.

तिनं सासूबाईंना विचारलं होतं, नाही असं नाही. "बघ बाई," एवढंच मासिबांदा म्हणाल्या होत्या. त्या दोन शब्दांचा अर्थ सिताबिले आठवडाभर लावत होती. नवरा दुमिसानी म्हणायचा, "आईनं नाही म्हटलं असतं तर अख्ख्या गल्लीला ऐकू आलं असतं." पण दुमिसानी आज कामावर होता आणि टाइल्स एकामागून एक कान टवकारत होत्या.

त्यातच थोको आत्या आल्या. मासिबांदांची ही नणंद चर्चची टोपी घालून आणि हातात पावांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा सिताबिलेनं घाईघाईनं एका वर आलेल्या कोपऱ्यावर तळहात दाबला. लग्नात भर मांडवात याच आत्या म्हणाल्या होत्या, "पोरगी चांगली आहे, पण हिचे गुडघे कधी जमिनीला लागतील असं वाटत नाही."

"या, आत्या. जरा जपून..."

आत्या दोन पावलं आत आल्या. तिसऱ्या पावलाला त्यांच्या बुटाचं टोक एका सुटलेल्या कोपऱ्याखाली गेलं आणि अख्खी टाइल तळाला चिकटून वर आली. आत्यांनी पाय उचलून पाहिला, झटकला. टाइल लोंबकळत राहिली.

"वहिनी," त्यांनी आत हाक मारली, "तुमच्या सुनेनं माझ्या बुटाला नवा तळ लावला बघा!"

मासिबांदा हात पुसत बाहेर आल्या. सिताबिलेनं आत्यांच्या बुटाची टाइल सोडवली आणि उलटी केली. मागचा सगळा डिंक लालभडक झाला होता. ताजं मेण. काल संध्याकाळी तर तिनं जमीन नुसती साबणानं धुतली होती. तिची नजर सासूबाईंच्या झग्याकडे गेली. गुडघ्यांच्या जागी दोन गोल लाल डाग होते.

शब्द आवरायच्या आत बाहेर पडले.

"नको होतं तर सांगायचं होतंत, आई."

"काय नको होतं?"

"टाइल्स. तुम्ही पहाटे मेण लावलंत."

"लावलं की! दोन हात लावले." मासिबांदा चकित झाल्या होत्या. "तूच खोक्यावरचं वाचून दाखवलंस ना, जमीन स्वच्छ हवी म्हणून? मग मेणाशिवाय जमीन स्वच्छ कशी होईल? म्हटलं, पोरीनं एवढ्या हौसेनं आणल्यात, आपल्या बाजूनं काही कमी पडायला नको."

सिताबिलेनं हातातली टाइल हळूच खाली ठेवली. आत्यांना मात्र हसू आवरेना. त्या खुर्चीच्या हातावरच टेकल्या आणि टोपी काढून स्वतःला वारा घालू लागल्या.

"वहिनी, अहो, मेणावर डिंक कुठला चिकटतोय! शाळेचे हॉल पुसण्यात तेवीस वर्षं घालवली मी. आजचं काढून भागायचं नाही, पार जुनंसुद्धा निघायला हवं. आधी रॉकेल, मग सोड्याचं गरम पाणी, दोनदा."

"सगळं?" सिताबिलेनं हळूच विचारलं.

मासिबांदा आत गेल्या. सिताबिले सोललेले कागद गोळा करत बसली. टाइल्स परत खोक्यात भराव्यात हेच बरं, असं तिला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी येऊन रॉकेलची बाटली तिच्या हातात ठेवली.

"खिडकीकडून सुरू कर. तिथं सगळ्यात जाड आहे."

मग काय, सूनबाई आणि आत्या, दोघी गुडघ्यांवर! आत्यांनी चर्चचा झगा खोचला आणि पत्र्याच्या तुकड्यानं मेण असं खरवडलं, की जणू कुणाशी जुनं वैर आहे. मासिबांदा खुर्चीत बसून "तो कोपरा राहिला" करत होत्या. लाल, तपकिरी, काळपट थर निघत गेले. खालून साधा, फिकट कोबा वर आला. दुपारच्या उन्हानं तो तासाभरात खडखडीत वाळला. सकाळी लावलेल्या बारा टाइल्स वाया गेल्या होत्या, पण तेवढी जागा कपाटाखाली मोकळी सोडली तर कोण बघतंय, असं आत्यांनीच सुचवलं. मक्याची आंबील पिऊन तिघी पुन्हा लागल्या.

शेवटची टाइल बसली. सिताबिलेनं कोपरा नखानं उचकून पाहिला. हलला नाही.

"आता सगळीकडून दाबायच्या," ती म्हणाली. "जोर लावून."

"त्याला हात कशाला?" म्हणत आत्यांनी चर्चमधलं गाणं धरलं आणि त्या भिंतीपासून भिंतीपर्यंत पाय आपटत निघाल्या. सिताबिले त्यांच्या मागे. मासिबांदा खुर्चीचा हात धरून उठल्या, क्षणभर थांबल्या आणि ताठ उभ्या राहून त्यांनीही ठेका धरला. एक्केचाळीस वर्षांत या खोलीत त्यांना कुणी नाचताना पाहिलं नव्हतं. आनंदानं सिताबिलेचे डोळे भरले आणि तिचं पाऊल चुकलं.

"पायाकडे लक्ष दे," मासिबांदा धापा टाकत म्हणाल्या. "आणि माझी आतली खोली मोजलीस का गं?"