डाव्या हाताचा माणूस

घड्याळजींचा रुसवा तसा क्षुल्लकच होता. शुक्रवारची प्रार्थनेची बैठक कधीच वेळेवर सुरू होत नसे. ती चालवायचे मामा. मामा बसचे ड्रायव्हर, त्यामुळे त्यांची ड्यूटी संपेपर्यंत सगळे शिवणवर्गाच्या खोलीत, भिंतीला सरकवलेल्या मशीनांच्या मध्ये, गप्पा हाणत बसायचे. दुसऱ्यांची घड्याळं नीट करण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याला हे कसं सोसावं? एकदा घड्याळजी ताडकन उठले. "देवाचं नि माझं थेट आहे, मला एवढा गोतावळा नको," म्हणाले आणि गेले ते गेलेच.

सुरुवातीला मजेत चाललं. ठरल्या वेळी बायबल उघडायचं, ठरल्या वेळी मिटायचं. कोणाचं बेसूर गाणं नाही की कोणाच्या सुनेच्या तक्रारी नाहीत. पण एकट्याच्या प्रार्थनेला हळूहळू उतरती कळा लागली. आधी त्यातून शेजारपाजार गळला, मग नातेवाईक गळले, आणि शेवटी उरलं एवढंच : "प्रभू, तुला सगळं ठाऊकच आहे. आमेन." एका संध्याकाळी तेवढंही राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं तेव्हा घड्याळजी मनातून घाबरले. आपला विश्वास न सांगता सवरता निघून चाललाय आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नाही, याचीच त्यांना भीती वाटली. पण परत जायचं कोणत्या तोंडाने? अशा वेळी माणसाचे पाय तयार असतात, नाक आडवं येतं.

अशात एका शुक्रवारी दुपारी बेकरीवाल्या ताई गजराचं घड्याळ घेऊन दुकानात आल्या.

"भाऊ, एवढं आजच करून द्या. उद्या सकाळी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आमच्या घरात गजराशिवाय कोणी हलत नाही."

"देतो की. आणि घाबरू नका. बैठकीत प्रार्थना झालीच असेल तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? ती कोण करणार?" ताई सहज बोलून गेल्या.

त्या बैठकीची एक रीत होती. स्वतःसाठी कोणी मागायचं नाही. गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला बसलेल्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. घड्याळजींच्या डावीकडे बसायच्या ताई.

"अहो, मग जरा सरकून बसायचं."

"सगळे म्हणाले, सरकायचं नाही. एकदा जागा बुजली की भाऊ यायचे तरी कुठे? म्हणून तुमची खुर्ची तशीच ठेवलीय. माझ्यासाठी मनातून मागतात सगळे. मोठ्याने तेवढं राहतं."

"शुद्ध वेडेपणा आहे हा."

"असेल. तुम्हाला सांगायचंही नव्हतं. विचारलंत म्हणून बोलले."

रुसायचं यांनी मामांवर आणि उपाशी राहायचं ताईंनी. घड्याळजींना आपलीच लाज वाटली. त्यांनी गजर नीट करून दिला आणि संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं.

ते खोलीत शिरले आणि आपल्या रिकाम्या खुर्चीत बसले. एकाने फक्त पंखा त्यांच्याकडे वळवला. मामा आले, नेहमीसारखे उशिराच, आणि घड्याळजींच्या उजवीकडे बसले. सुरुवात मामांच्या डाव्या हातापासून व्हायची, म्हणजे घड्याळजींपासून. त्यांनी हात जोडले. मग ते ताईंच्या डोळ्याबद्दल बोलले, डॉक्टरांच्या हातांबद्दल बोलले, भट्टीच्या धगीत सरलेल्या ताईंच्या वर्षांबद्दल बोलले, आणि बोलतच राहिले. कित्येक महिन्यांत त्यांनी एवढं काही मागितलं नव्हतं. ताई पदराने डोळे पुसत होत्या. घड्याळजींना फार बरं वाटत होतं.

गोल फिरत पाळी शेवटी मामांवर आली. मामा दिवसभराचे दमलेले. डोळे मिटून ते सवयीने बोलू लागले, "प्रभू, आजही ही खुर्ची रिकामी आहे. आमचा माणूस जिथे असेल तिथे त्याला सांभाळ. तो तुला विसरला असला तरी तू त्याला..."

कोणीतरी खाकरलं. मामांनी एक डोळा उघडला, शेजारी पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"आला बरं का प्रभू," ते म्हणाले.

घड्याळजींनी मान खाली घातली आणि सगळ्यांदेखत, पोटभर रडून घेतलं.