चार दांडे, चार टोप्या

आईनं दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून ती फाटकात उभी राहून भंगारवाल्याशी बोलू लागली, तेव्हा आत शिवणयंत्रावर बसलेल्या ताईचा पाय थांबला आणि कान टवकारले.

"तीन आठवड्यांनी या. रविवारी, बरोबर बारा वाजता," आई सांगत होती. "तोवर ही गाडी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेली तर पोरांची. नाही गेली तर तुमची."

'पोरं' म्हणजे पंचेचाळीस वर्षांची ताई आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा भाऊ. भाऊ नळकाम करायचा. लहानपणापासून हाताला येईल त्या वस्तूवर हातोडी घालायचा, म्हणून घरात त्याला ठोक्या म्हणत. गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची जुनी पिकअप. पाच वर्षं ती अंगणात उभी होती. तिच्या हौद्यात मांजरी तीनदा व्याली होती. शेवटी चालली तेव्हा ती एवढा निळा धूर सोडायची की मागून येणारे लोक दिवे लावायचे.

ताईला मात्र ती गाडी हवी होती. अठरा वर्षं ती एकाच खिडकीशी बसून कपडे शिवत होती. गिऱ्हाईक दारापर्यंत येईल तेवढंच काम. हौद्यात शिवणयंत्र बसवायचं, वर ताडपत्रीचं छप्पर टाकायचं आणि वस्तीवस्तीत जायचं, असा बेत तिनं कितीतरी दिवस मनातल्या मनात बेतला होता. कात्री चालवायचीच तेवढी बाकी होती.

गॅरेजवाल्यानं इंजिन पाहून मान हलवली होती. "नवंच टाका," म्हणाला. नव्याचा आकडा ऐकून ठोक्या घरी चालत आला, बसमध्ये बसायचंही त्याला सुचलं नाही.

"आपणच खोलू," ताई म्हणाली.

"तू? इंजिन?"

"का? तूच म्हणतोस ना, आत सगळे भाग एकमेकांना जोडलेले असतात म्हणून? मी दुसरं काय करते दिवसभर?"

आणि खरंच, दोघांनी खोललं. इंजिन गाडीतच ठेवून वरचं झाकण, म्हणजे हेड, काढलं. खालचं तेलाचं पातेलं सोडवलं. मग एकेक पिस्टन वरून बाहेर आला. पिस्टन तेवढा वरखाली धावतो. त्याला खाली एक पोलादी दांडा असतो. दांड्याच्या टोकाला अर्धगोल, आणि त्याला दोन बोल्टांनी बसणारा दुसरा अर्धगोल. दोन्ही मिळून गोल कडं होतं आणि ते क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या कण्याला, मिठी मारतं. ठोक्या त्या दुसऱ्या अर्ध्याला कॅप म्हणायचा. ताईनं पहिल्याच दिवशी त्याची टोपी केली.

अंथरूण पाहून पाय पसरायचे होते. पिस्टनवरच्या रिंगा आणि त्या कड्यांच्या आत बसणारी बेअरिंग नवी घेतली, बाकी सगळं जुनंच घासूनपुसून वापरायचं ठरलं. रिंगा दाबून पिस्टन आत सरकवायला खास हत्यार लागतं. ठोक्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याला नळाच्या क्लिपा लावल्या आणि हत्यार तयार. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, हे त्यानं मोठ्या ऐटीत समजावलं, तर ताई म्हणाली, "म्हणजे सगळ्या शिवणी एकावर एक आणायच्या नाहीत. पुढे बोल."

ठोक्यानं चारही पिस्टन दांड्यांसकट भिंतीवर चार खिळ्यांना ओळीनं टांगले. टोप्यांवर आकडे घालायचं काम ताईचं. तिनं घातले. एक, दोन, तीन, चार. स्वच्छ, ठळक, वळणदार.

तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, सकाळी अंगणातून ठोक्याची आरोळी आली.

"ताई! टोप्यांवरचे आकडे कुठे गेले?"

"मी काल रॉकेलमध्ये धुतल्या. बघ कशा आरशासारख्या..." ती बोलता बोलता थांबली.

"आकडे कशानं घातले होतेस?"

ताईनं एप्रनच्या खिशातून हात काढला आणि तळवा उघडला. तळव्यावर तिचा निळा शिंप्याचा खडू होता. गिऱ्हाइकाच्या कापडावर एकही खूण मागे राहू नये, पहिल्या धुण्यात जावी, म्हणून शोधून शोधून आणलेला सगळ्यात चांगला खडू.

ठोक्या मटकन खाली बसला. "अगं, लोखंडावर छिन्नीनं ठिपका मारतात!"

"तुझ्या हातात छिन्नी दिली असती तर टोपीचे दोन तुकडे झाले असते."

"पण निदान ते तुकडे कुणाचे ते कळलं असतं!"

एवढ्या तापल्या वेळीही ताईला हसू आलं. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दांडा आणि टोपी कारखान्यात एकत्र धरूनच गोल कापतात. ज्याची टोपी त्यालाच. दुसऱ्याची बसवली तर भोक केसभर वाकडं होतं आणि इंजिन एक तर फिरत नाही, नाही तर थोडं धावून बेअरिंग जाळतं. टोपी उलटी बसायची भीती नव्हती, कारण बेअरिंगची खाच बाजू सांगते. पण कुठली टोपी कुठल्या दांड्याची? चार टोप्या चार दांड्यांवर बसवायच्या चोवीस तऱ्हा होतात. त्यांतली एकच खरी.

दांड्यांना क्रमाच्या चिठ्ठ्या बांधून दोघं सगळं सामान पोत्यात घालून लेथवाल्या काकांकडे धावले. काकांचं लोखंड कातायच्या लेथचं दुकान नाक्यावर होतं. चष्मा कपाळावर आणि दुसरा चष्मा नाकावर, असे ते बोलायचे कमी आणि मोजायचे जास्त.

"चारही नव्यानं गोल करून देतो," त्यांनी सांगितलं. "मंगळवारी."

"काका, रविवारी बारा वाजता भंगारवाला येतोय!"

"मग जुळवून आणा. मोजून द्यायला मला दहा मिनिटं पुरतात."

परत आल्यावर ठोक्या पायरीवर डोकं धरून बसला. ताईनं मात्र कापायच्या मेजावर पांढरी चादर पसरली, दांडे ओळीनं मांडले आणि खिडकी सताड उघडली. एक टोपी उचलून पहिल्या दांड्यावर ठेवली. जोडावरून अंगठ्याचं नख ओढलं. नख अडकलं. दुसरी टोपी ठेवली. पुन्हा अडकलं. तिसरी ठेवली आणि नख लोण्यावरून जावं तसं सरकलं.

"ठोक्या! इकडे ये! नख ओढ!"

त्यानं ओढलं. डोळे मोठे केले. पुन्हा ओढलं. "अगं, जोड आहे की नाही तेच कळत नाही!"

"एकाच ताग्यातलं कापड आहे हे!"

अर्ध्या तासात चौथ्या दांड्याचीही टोपी सापडली. उरले दोन आणि तीन. आणि इथे घोडं अडलं. उरलेल्या दोन्ही टोप्या दोन्ही दांड्यांवर गुळगुळीत बसत होत्या. नख कुठेच अडकेना.

"मग कुठलीही लावू," ठोक्या म्हणाला. "पन्नास टक्के तरी..."

"पन्नास टक्के शर्ट कधी घातलास?"

तिनं भिंग काढलं. बारीक सुईत दोरा ओवताना लागायचं ते. दांड्याच्या बाजूवर तिला बारीक तिरक्या रेघा दिसल्या. कारखान्यात घासताना उमटलेल्या. रेघा दांड्यावरून टोपीवर जात होत्या, पण लोखंड चमकत होतं आणि डोळा फसत होता. चौकडीचं कापड शिवताना जसं होतं तसंच. लांबून सगळं जुळलेलं दिसतं आणि घालून आरशासमोर उभं राहिलं की खिशाची चौकट एकीकडे, सदऱ्याची दुसरीकडे.

मग तिनं नमुने काढायचा पातळ कागद घेतला. जोडावर ताणून धरला आणि वर पेन्सिल आडवी घासली. कागदावर रेघा उठल्या. अशा चार जोड्यांचे चार कागद काढले आणि खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवले. ऊन मागून आलं.

दोघांनी एकदमच बोट ठेवलं. दोन कागदांवर रेघा जोडाशी येऊन तुटत होत्या आणि एक पायरी चढून पुढे जात होत्या. उरलेल्या दोन कागदांवर त्या सरळ, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या.

"दोनची ही, तीनची ही!" ताई ओरडली. या वेळी ठोक्यानं ठिपके मारले. अगदी हलक्या हातानं, श्वास रोखून.

शनिवारी सकाळी काकांनी चारही टोप्या दांड्यांवर आवळल्या, आत माप घातलं, उभं पाहिलं, आडवं पाहिलं. दहा मिनिटं झाली. शेवटी काकांनी नाकावरचा चष्मा काढला.

"चारही गोल. कुणी जुळवलं?"

"हिनं. शिंपीण आहे."

"अस्सं," काका म्हणाले. मग चष्मा पुसत, "रोज बारा ते एक मी मोकळा असतो. त्या कागदाचं मला दाखवून जा."

त्यानंतर दोघांना तहानभूक राहिली नाही. पिस्टन बसले, हेड बसलं. ताई गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातला क्रम मोठ्यानं वाचायची आणि ठोक्या मागून आणलेल्या पान्यानं, हातोडीला अजिबात हात न लावता, बोल्ट आवळायचा. डिझेलची टाकी गंजलेली होती, म्हणून बॉनेटशेजारी एक छोटा डबा बांधला आणि त्यातून नळी सोडली.

रविवारी पावणेबाराला भंगारवाला दोरखंड घेऊन हजर झाला. आई खुर्ची टाकून फाटकाशी बसली होती. ताई चालकाच्या जागी बसली. ठोक्यानं इंजिनाच्या पंपावरचं बटण दाबून दाबून नळीतली हवा काढली आणि हात वर केला.

पहिल्यांदा इंजिन नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा सगळी गाडी शहारली, खिडकीच्या काचा थरथरल्या, मांजर भिंतीवरून उडी टाकून पळालं, आणि मग टकटकटक असा स्वच्छ, एकसारखा ठेका सुरू झाला.

"धूर कुठंय?" भंगारवाला मागे जाऊन पाहू लागला. "धूरच नाही की!"

गाडी हलली. पुढची चाकं फाटकाबाहेर गेली. आणि इंजिन बंद पडलं.

ठोक्या धावत मागे गेला आणि त्यानं हौद्याला खांदा लावला.

"ढकललीस तर भंगार," आई जागेवरून म्हणाली. "स्वतःच्या पायांनी, असं ठरलंय. मागची दोन चाकं अजून माझ्या अंगणात आहेत."

"आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"शब्दाच्या. सहा मिनिटं आहेत."

ताई खाली उतरली. आधी कान लावून ऐकलं, मग एकेक वस्तू पाहत गेली. डबा कोरडा ठणठणीत होता. ठोक्यानं काटकसरीनं जेमतेम लोटाभर डिझेल घातलं होतं.

"अरे, मापात शिवायचं असतं, पण बाह्या तरी ठेवायच्या!"

तो सायकलवर डिझेल आणायला निघाला, तोच भंगारवाल्यानं आपल्या ट्रकमधून कॅन आणून ताईच्या हातात दिला. "घ्या. मलाही बघायचंय."

ठोक्यानं डबा भरला. ताईनं स्वतः बटण दाबत हवा काढली. फेस आला, बुडबुडे आले, मग सरळ धार. ती उडी मारून आत बसली आणि किल्ली फिरवली.

ठेका पुन्हा सुरू झाला. मागचं एक चाक फाटकाच्या उंबऱ्यावर चढलं, उतरलं. मग दुसरं.

आईनं उठून चारही चाकं मोजली, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि भंगारवाल्याला म्हणाली, "तुमचा दोरखंड घेऊन जा."

"ताई, थांब! मी पण!" ठोक्या मागून पळत होता. ताईनं वेग एवढाच कमी केला की त्याला हौद्यात उडी मारता यावी. तो धपकन आत पडला आणि त्यानं केबिनच्या छतावर दोन ठोके मारले.

नाक्याशी ताईला वळायचं होतं. वळण्याचा दिवा लागत नव्हता. तिनं हात खिडकीबाहेर काढला, खांद्यापर्यंत, आणि गाडी वळवली.